चारशे मिलिमीटरचा हिशेब: तिबेटच्या कुरणांवरचा पाऊस

साताऱ्याच्या पूर्वेला माण तालुका आहे आणि तिबेटच्या पठारावर नागचू नावाचं गाव आहे. दोन्हींच्या पावसाचा वार्षिक आकडा जवळपास सारखा. नागचूला चारशे मिलिमीटरच्या थोडा वर, माणदेशात चारशे-पाचशेच्या घरात. दोन्हीकडे पावसाचे महिने जून ते सप्टेंबर. दोन्हीकडे पिढीजात धंदा जनावरं राखण्याचा. तरी जुलैत माणदेशातल्या माळावर गेलात तर मुरमातून वर आलेले कुसळीचे विरळ ठोंब दिसतील. त्याच महिन्यात नागचूच्या माळावर पायाखाली हिरवी गादी असते. इतकी दाट की माती दिसत नाही, आणि पाऊल ठेवलं की किंचित दबते.

तेवढ्याच पावसात हा फरक कसा? पहिलं उत्तर सोपं आहे: थंडी. नागचू साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, जुलैतलं सरासरी तापमान तिथे नऊ-दहा अंशांच्या आसपास असतं. माणदेशात तेवढी थंडी पौषातल्या पहाटेला पडते. थंड हवेत पाणी कमी उडून जातं, म्हणून थोडा पाऊसही पुरतो.

हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. थंडी तर त्या पठाराच्या पश्चिम टोकालाही आहे आणि तिथे नुसता दगड-रेतीचा माळ आहे. आणि नागचूलाही एखाद्या वर्षी चारशेचा आकडा पुरा होऊन कुरण मरतुकडं राहतं. गवताला वर्षाची बेरीज कळतच नाही. त्याला कळतं ते पाणी कधी आलं, एका वेळी किती आलं, आणि दोन सरींमध्ये किती दिवस गेले. आपल्याकडे शेतकरी पावसाचं बोलतो तेव्हा मिलिमीटर काढत नाही. मृग साधला का, उघडीप किती दिवस मिळाली, वाफसा आला का, हे विचारतो. उंचावरच्या कुरणांचा पाऊस समजून घ्यायला हेच प्रश्न कामाला येतात, म्हणून मी तेच शब्द वापरणार आहे.

आधी जागा डोळ्यासमोर आणू. तिबेटचं पठार सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आठ महाराष्ट्र मावतील एवढं. सरासरी उंची चार हजार मीटरच्या वर. त्यातला निम्म्याहून जास्त भाग गवताळ आहे. आग्नेयेकडून वायव्येकडे जाऊ लागलं की पाऊस पायरी-पायरीने उतरतो. आग्नेयेला सहाशे-सातशे मिलिमीटर, मध्यावर तीन-चारशे, वायव्य टोकाला शंभराच्याही खाली. त्यानुसार गवत बदलतं. ओल्या पूर्व भागात कोब्रेशिया या गवतासारख्या बुटक्या वनस्पतीची दाट कुरणं, मध्य आणि पश्चिमेला स्टिपा जातीच्या गवताचा विरळ माळ, आणि शेवटी वाळवंट. वर्षभराच्या पावसातला ८० ते ९० टक्के वाटा मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांतच पडतो, आणि गवत वाढण्याचे महिनेही तेवढेच. त्याआधी आणि नंतर जमीन गोठलेली.

म्हणजे इथे पाऊस आणि ऊब एकाच दारातून आत येतात. ही योगायोगाची गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांत पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या गवताला वितळत्या बर्फावर भागवावं लागतं. तिबेटच्या गवताला ती साठवण फारशी नाही. हिवाळ्यात पठारावर बर्फ पडतं, पण पातळ, आणि बरंचसं वाऱ्या-उन्हात वितळण्याआधीच उडून जातं. उन्हाळी पाऊस चुकला तर दुसरा आधार नाही.

हे पाणी चढतं कुठून?

शाळेत शिकवलेलं चित्र असं: मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून येतात, हिमालयाला आपटतात, दक्षिण उतारावर पाऊस पाडतात आणि पलीकडे पर्जन्यछाया. हे आपल्याला पटकन कळतं, कारण घाटमाथ्यावर आपण तेच बघतो. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि वाईच्या पुढे गेलं की छत्री मिटते.

मग पर्जन्यछायेतल्या पठारावर चारशे मिलिमीटर तरी कसा पोचतो? एक रस्ता दरीतून. ब्रह्मपुत्रा, तिबेटात तिला यारलुंग त्सांगपो म्हणतात, नामचा बारवा या ७,७८२ मीटर उंच शिखराला वळसा घालून खोल घळीतून भारतात उतरते. नदी खाली येते त्या वाटेने दमट हवा वर जाते. आग्नेय तिबेट एवढा हिरवा आहे तो या खिंडारामुळे.

दुसरा रस्ता गेल्या काही वर्षांत नीट उलगडला आणि मला तो जास्त नवलाचा वाटतो. उत्तर भारताच्या मैदानावर आणि हिमालयाच्या पायथ्याशी पावसाळ्यात प्रचंड गडगडाटी ढग उभे राहतात. हे ढग पंपासारखं काम करतात. जमिनीलगतची वाफ उचलून पाच-सहा किलोमीटर उंचीवर नेऊन सोडतात. तिथे वाहणारा नैर्ऋत्येकडचा वारा ती वाफ हिमालयाच्या माथ्यावरून पलीकडे ढकलतो. म्हणजे वाफ डोंगराचा उतार चढून जात नाही. आधी मैदानावरच उंच उचलली जाते आणि मग सरळ भिंत ओलांडते. नैर्ऋत्य तिबेटातल्या उन्हाळी पावसाचा मोठा भाग या वाटेने येतो. बिहारात कोसळलेल्या वादळातली उरलेली वाफ दोन दिवसांनी याकच्या पाठीवर पडत असेल, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरा स्रोत घरचाच आहे. कुरणातून, ओल्या मातीतून, सरोवरांतून उडालेली वाफ पठारावरच पुन्हा पडते. जितकं आत जावं तितका या उसनवारीचा वाटा वाढतो. उत्तरेला, साधारण ३५ अक्षांशाच्या पुढे, मोसमी वाऱ्यांचा हात पोचत नाही. तिथला ओलावा पश्चिमेकडच्या वाऱ्यांचा. मधल्या पट्ट्यात, ३० ते ३५ अक्षांशांच्या दरम्यान, दोघांची ओढाताण चालते. त्यामुळे एकाच वर्षी पठाराच्या दक्षिण भागात टंचाई आणि उत्तर भागात सुकाळ, असंही होतं.

या सगळ्या वाफेला ढग बनवायला पठार स्वतःच मदत करतं. साडेचार किलोमीटर उंचीवर ठेवलेला हा तवा आहे. उन्हाळ्यात त्याच्यावरची हवा आजूबाजूच्या त्याच उंचीवरच्या हवेपेक्षा जास्त तापते, वर उठते आणि भोवतालची हवा आत ओढते.

सकाळी ऊन, रात्री पाणी

ल्हासाला पाऊस रात्री येतो. तिथल्या उन्हाळी पावसातला सुमारे ८० टक्के भाग संध्याकाळनंतर आणि पहाटेच्या आत पडतो. सकाळी रस्ते ओले आणि आकाश निळं. कारण खोऱ्याच्या रचनेत आहे. दिवसा डोंगराचे उतार तापतात, हवा उतारावरून वर चढते आणि खोऱ्याच्या मध्यावर खाली बसते. खाली बसणाऱ्या हवेत ढग टिकत नाहीत. सूर्य गेला की उतार आधी गार होतात, जड थंड हवा घसरत खाली येते, खोऱ्यातल्या उबदार दमट हवेला खालून उचलते आणि तिचा पाऊस होतो.

खोऱ्याबाहेर, मोकळ्या पठारावर वेळापत्रक थोडं वेगळं. सकाळ स्वच्छ, दुपारी ढगांचे डोंगर, गडगडाट, आणि दुपारनंतर ते मध्यरात्रीपर्यंत सरी. बऱ्याचदा पाण्याबरोबर गारा. आपल्याकडच्या लिंबाएवढ्या गारा नव्हेत, साबुदाण्याएवढ्या, मऊ. नागचूचा भाग गारांसाठी प्रसिद्धच आहे. ऐन जुलैत हिरव्या कुरणावर पांढरा थर पडतो आणि तासाभरात विरघळतो.

गवताच्या बाजूने बघितलं तर याहून चांगली सोय मागता येणार नाही. गवताला अन्न बनवायला ऊन लागतं आणि पठारावर ऊन जबरदस्त असतं, कारण वर हवेचा थर पातळ आहे. हवेचा दाब समुद्रकाठच्या सहा दशांशाहूनही कमी. तेच पाणी दिवसा पडलं तर ढगांनी ऊन अडतं, शिवाय पडलेलं पाणी लगेच उडतं. रात्री पडलं तर ते जमिनीत उतरायला सहा-आठ तास मिळतात आणि सकाळी ऊन पुरं. माझ्या मते पठारावरच्या कुरणांच्या हिरवेपणात या वेळापत्रकाचा वाटा वार्षिक आकड्यापेक्षा कमी नाही, आणि नकाशांत मात्र तो कुठेच दिसत नाही.

तीन मिलिमीटर पुरतं कुणाला?

आता थोडं गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. जुलैतल्या स्वच्छ दिवशी पठारावरचं हिरवं कुरण साधारण तीन-चार मिलिमीटर पाणी हवेला परत देतं. म्हणजे तीन मिलिमीटरची सर ही एका दिवसाची शिदोरी. पडली, संपली. जमीन आधीच ओली असेल तर ही शिदोरी उद्याचं भागवते. जमीन सुकलेली असेल तर पाणी वरच्या बोटभर थरात अडकतं आणि मुळांना पोचण्याआधी उडून जातं.

पठारावरचा बहुतेक पाऊस असाच किरकोळ असतो. पाच मिलिमीटरच्या आतल्या सरी पुष्कळ, झड फार थोडी. चारशे मिलिमीटर पडायचे दोन मार्ग कल्पून बघा. शंभर दिवस रोज चार, किंवा वीस दिवस वीस-वीस आणि मधे कोरडं. पहिल्या मार्गात जमीन सतत ओलसर, पण पाणी खोल कधीच जात नाही. दुसऱ्या मार्गात पाणी खोल उतरतं, पण वरचा थर पुन्हा पुन्हा सुकतो. कुणाला काय मानवतं हे मुळं ठरवतात.

कोब्रेशियाची बाब इथे बघण्यासारखी आहे. तिला आपण सोयीसाठी गवत म्हणतो, पण ती नागरमोथ्याच्या कुळातली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१५मध्ये हा सगळा गट केरेक्स या मोठ्या प्रजातीत विलीन केला, तरी कुरणांबद्दल लिहिताना जुनंच नाव चालतं. तिची सगळ्यात पसरलेली जात दोन-चार सेंटिमीटर उंच. करंगळीएवढीसुद्धा नाही. आणि तिने सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर व्यापले आहेत, म्हणजे दीड महाराष्ट्र. वर दिसतं त्याच्या कितीतरी पट ती जमिनीखाली असते. जिवंत आणि मेलेल्या मुळांचा एकमेकांत गुंतलेला, नमद्यासारखा थर तयार होतो, काही ठिकाणी वीतभर जाड. लोक त्याचे चौकोनी तुकडे कापून गोठ्यांच्या भिंती रचतात, एवढा तो घट्ट.

हा थर म्हणजे स्पंज. रात्री पडलेल्या चार मिलिमीटरांतला थेंबन्‌थेंब तो धरून ठेवतो आणि मुळं तिथेच असल्यामुळे पाण्याला खोल जाण्याची गरजच उरत नाही. रोजच्या किरकोळ सरींसाठी यापेक्षा नेमकं बेतलेलं झाड सापडणार नाही. पण त्याची दुसरी बाजू लगेच दिसते. सरी दहा-बारा दिवस थांबल्या की सगळ्यात आधी हाच वरचा थर वाळतो. कोब्रेशियाकडे खाली हात घालायला दुसरी तिजोरी नाही.

पावसाची अशी उघडीप पठारावर येतेच. तिथल्या उन्हाळी पावसात दहा ते वीस दिवसांची एक लय दिसते, काही दिवस जोर, काही दिवस ढील. आपल्या मोसमी पावसालाही अशीच लय असते. आपल्याकडे ऑगस्टमध्ये खंड पडतो आणि मराठवाड्यात सोयाबीन माना टाकतं, तेव्हा पावसाचा पट्टा बऱ्याचदा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला असतो आणि तिथे धो-धो चाललेलं असतं.

नमद्याच्या थराला तडे गेले तर गोष्ट बिघडते. दुष्काळ, अतिचराई आणि वर्षानुवर्षं गोठणं-वितळणं यांनी तो बहुकोनी भेगांत फाटतो. मग जोराची सर आली की पाणी मुरण्याऐवजी भेगांतून पळतं, कडा ढासळतात, आणि कुरणाच्या जागी उघडी काळी माती उरते. पीतनदी, यांगत्से आणि मेकाँग यांच्या उगमांच्या प्रदेशात अशा काळ्या पट्ट्यांनी मोठं क्षेत्र खाल्लं आहे.

याचा दोष कित्येक दशकं पायकाच्या माथी मारला गेला. पायका म्हणजे सशाचा बिनशेपटीचा, उंदराएवढा भाऊबंद. तो कुरणात बिळं करतो, गवत खातो, म्हणून सरकारी मोहिमा काढून त्याला विष घातलं गेलं. पुढे कुणीतरी बिळं असलेल्या आणि विष घालून रिकाम्या केलेल्या जागांवर पाणी मुरण्याचा वेग मोजला. बिळं होती तिथे पाणी जास्त वेगाने मुरत होतं. उन्हाळ्यातल्या मोठ्या सरीचं पाणी जमिनीत घालणारा बिनपगारी कामगार आपण मारत होतो, हे ध्यानात यायला तेवढा काळ गेला. विस्कटलेल्या कुरणात पायका जास्त दिसतात हे खरं, पण त्यांना आखूड, मोकळं गवत आवडतं. कुरण आधी बिघडतं आणि मग ते वाढतात, हा क्रम बहुतेक वेळा उलटा वाचला गेला.

मे महिन्यातली वाट

सगळ्या हंगामात मला सगळ्यात नाजूक वाटतो तो मे. जमीन वरून वितळू लागलेली, ऊन कडक, वारा सुटलेला, आणि पाऊस अजून नाही. पठाराच्या पूर्व कडेला मेअखेरीस सरी लागतात, मध्यावर जून उजाडतो, पश्चिमेला जुलैसुद्धा. याक हिवाळाभर वाळलेल्या काड्यांवर जगून हाडांवर आलेले असतात, मादी व्यालेली असते. या आठवड्यांत गवत आठ दिवस उशिरा उगवलं तर त्याची किंमत दुधात आणि वासरांत मोजली जाते.

तापमान वाढतंय तर गवत लवकर उगवायला हवं, हा अंदाज स्वाभाविक होता. उपग्रहांवरून तो तपासता येतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परत फेकतं. दोन्हींच्या फरकावरून कुरण कोणत्या आठवड्यात हिरवं झालं ते काढता येतं. १९८२पासूनच्या नोंदी आहेत. २०१०मध्ये एका गटाने जाहीर केलं की नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत गवत लवकर उगवत होतं, पण नंतर उलट उशीर होऊ लागला. त्यांचं स्पष्टीकरण होतं की हिवाळे उबदार झाले, झाडांना लागणारी पुरेशी थंडी मिळत नाही. बातमी गाजली. २०१३मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की २०००नंतर पठाराच्या पश्चिम भागाचे त्या उपग्रहाचे आकडेच भरवशाचे नाहीत. दुसऱ्या उपग्रहांचे आकडे घेतले तर गवत अजूनही लवकरच उगवतंय. त्यावरही आक्षेप आले. या भांडणातून माझ्यासारख्याच्या हाती लागली ती एक गोष्ट: संबंध पठाराला एकच उत्तर शोधणं चूक होतं. ओल्या पूर्व भागात गवत उबेची वाट बघतं. कोरड्या नैर्ऋत्य भागात ऊब आधीच आलेली असते आणि गवत पहिल्या पावसासाठी थांबलेलं असतं. तिथे तापमान वाढलं आणि पाऊस वेळेवर नाही आला, तर वाढलेल्या उन्हाने असलेली ओलसुद्धा जाते.

नाम-त्सो सरोवराच्या परिसरात हे हाताने करून बघितलं गेलं. कुरणावर वरून उघड्या, पारदर्शक पेट्या ठेवल्या. आतली हवा एक-दोन अंशांनी गरम राहते. आतल्या कोब्रेशियाला फुलं उशिरा आली आणि कमी आली. उबेने मातीची ओल उडाली होती. थंड प्रदेशातल्या झाडाला ऊब दिली आणि ते तहानलं.

याच्या उलट गोष्ट ओल्या टोकाची. जिथे सहाशे-सातशे मिलिमीटर पडतो तिथे जास्त पाऊस म्हणजे जास्त ढग, कमी ऊन, आणि गारठलेली जमीन. अशा ठिकाणी पावसाळी वर्ष गवताला फायद्याचं ठरेलच असं नाही. साधारणपणे चारशे मिलिमीटरच्या खाली पाऊस वाढला की चारा वाढतो. त्याच्या बऱ्याच वर गेलं की सूत्रं तापमानाच्या हातात जातात.

मोजतो कोण?

या सगळ्या आकड्यांना एक लंगडी बाजू आहे. पठारावरची बहुतेक हवामान केंद्रं १९५०च्या दशकात आणि त्यानंतर उभी राहिली, आणि ती पूर्वेला, खोऱ्यांत, वस्तीजवळ आहेत. पश्चिम अर्धा नकाशा जवळपास कोरा. शिवाय वारा एवढा असतो की हलकं बर्फ आणि साबुदाण्याच्या गारा पर्जन्यमापकाच्या तोंडावरून उडून जातात, म्हणून नोंद खऱ्यापेक्षा कमी येते. आणि वळवाच्या जातीचा पाऊस पट्ट्या-पट्ट्याने पडतो. एका खोऱ्यात तासभर झोडपून काढतो आणि टेकडीपलीकडे थेंब नाही. केंद्र कोणत्या बाजूला आहे यावर त्या तालुक्याचं वर्ष ओलं की कोरडं ते ठरतं.

अशा पट्ट्यांच्या पावसावरचा जुना उपाय होता चालत राहणं. पठारावरचे भटके पशुपालक, ड्रोकपा, कळप घेऊन सर पडली त्या दिशेला सरकत. आपल्याकडचा धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतो त्यामागेही पावसाचाच हिशेब आहे. फक्त तिकडे हे सरकणं एकाच हंगामात अनेकदा होई. १९८०च्या दशकापासून कुरणं कुटुंबांना वाटून दिली गेली आणि पुढे कुंपणं आली. कागदावर प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक क्षेत्र आलं, पण सर कुंपण बघून पडत नाही. ज्याच्या वाट्याला यंदा कोरडा पट्टा आला त्याचे याक शेजारची हिरवळ तारेपलीकडून बघत राहतात. काही भागांत लोकांनी पुन्हा एकत्र येऊन जमिनी सामायिक चारायला सुरुवात केली आहे. मला तर हा पावसाबद्दलचा निर्णय वाटतो, जमीनधारणेबद्दलचा नव्हे.

ओलं होत चाललेलं पठार

नव्वदीच्या उत्तरार्धापासून पठाराच्या आतल्या भागात पाऊस वाढल्याचं दिसतं, आणि याचा सगळ्यात ठळक पुरावा सरोवरं देतात. वितळत्या हिमनद्यांचं पाणीही त्यांत आहे, पण मोठा वाटा पावसाचा. सिलिंग-त्सो सरोवर फुगत फुगत नाम-त्सोला मागे टाकून तिबेटातलं सगळ्यात मोठं सरोवर झालं. हिमालयाला लागून असलेल्या दक्षिण भागात मात्र असं चित्र नाही.

पाऊस वाढला म्हणजे कुरणांची चैन, असं वाटेल. पण सरोवराकाठची सपाट जमीन हीच सगळ्यात चांगली चराई असते आणि वाढतं पाणी आधी तीच गिळतं. २०११च्या सप्टेंबरमध्ये होह-शिल भागातलं झुओनाई सरोवर पावसाने काठोकाठ भरून फुटलं. पाणी खालच्या सरोवरांत गेलं आणि मागे उघड्या पडलेल्या तळावरून रेती उडू लागली.

गवतंही आपापल्या परीने जुळवून घेतात. चिंघाई प्रांतातल्या हायबेई इथे ३,२०० मीटरवर १९७६पासून संशोधन केंद्र आहे. तिथल्या कुरणाच्या १९८३ ते २०१४ या काळातल्या नोंदी पाहिल्या तर हवा गरम आणि जमीन कोरडी होत गेली, तरी चाऱ्याचं एकूण उत्पादन फारसं घटलं नाही. पण आतली माणसं बदलली. उथळ मुळांची नागरमोथ्याच्या कुळातली झाडं कमी झाली आणि खोल मुळांची खरी गवतं वाढली. वरचा थर भरवशाचा राहिला नाही तेव्हा ज्यांचे हात खाली पोचत होते त्यांनी जागा घेतली. तराजूत वजन तेवढंच भरलं, म्हणून नुसतं उत्पादन मोजणाऱ्याला इथे काही घडलंच नाही असं वाटलं असतं.

राहिला हंगामाच्या शेवटचा पाऊस. सप्टेंबरच्या मध्यानंतर पठार पिवळं पडायला लागतं. या काळात आलेल्या सरी त्या वर्षीच्या गवताच्या काही कामाच्या नाहीत. वाढ थांबलेली असते, रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून चाऱ्याच्या हिशेबात त्या वाया गेल्या असं धरलं जातं. पण ऑक्टोबरपासून जमीन गोठू लागते आणि ती ओल जागच्या जागी बर्फ होऊन अडकते. सहा महिने ना उडून जाते, ना खाली झिरपते. एप्रिल-मेमध्ये वरचा थर वितळतो तेव्हा खालची जमीन अजून दगडासारखी असते, त्यामुळे वितळलेलं पाणी वरच्या वरच राहतं, नेमकं कोब्रेशियाची मुळं असतात तिथे. सोलापूरकडे परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत धरून त्यावर पाण्याची एक पाळीही न देता मालदांडी ज्वारी काढतात, त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच की इथे तिजोरीला थंडीचं कुलूप लागतं.

मे महिन्यात नागचूचा गुराखी वाळलेल्या माळावर गुडघे टेकून, बोटांनी जुन्या काड्या बाजूला करून बघतो. पाऊस यायला अजून दोन-तीन आठवडे असतात. तरी बुडाशी कुठे कुठे हिरवी लव दिसते. ती गेल्या भाद्रपदातलं पाणी पीत असते.